गोलकीचा हात

माझी नणंद संगिता एक नंबरची थापाडी आहे, हे आधीच सांगून ठेवते. पुढे तुम्हाला तिच्याबद्दल भलतंसलतं ऐकायला मिळेल, कुणीतरी पेपरातलं कात्रणही दाखवील, म्हणून आधीच. मी लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात तिने माझा नवा आरसा फोडला आणि मांजरावर ढकलून मोकळी झाली. आमच्याकडे तेव्हा मांजर नव्हतं. सुकटीची चटणी वाटीतून चाटूनपुसून खायची आणि ओठाला तिखट लागलेलं असताना म्हणायची, "वयनी, मी तर हात पण नाय लावला." माझ्या सासूबाई म्हणायच्या, ही पोरगी खरं बोलते ते फक्त झोपेत.

म्हणून तलासरीला तिचा सत्कार झाला आणि एका पुढाऱ्याने माईकवर तिला हरिश्चंद्राची लेक म्हटलं, तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसले. ती हसली नाही. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ आणि नजर स्वतःच्या चपलांवर. घरी येताना तिने तो नारळ ओहोळात भिरकावला. अगं, चटणी तरी झाली असती, असं मी म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं काय जळत होतं ते मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. आता कळतं, पण आता कळून उपयोग नाही.

ही बाई थापाडी आहे आणि तरीही तिने ते केलं, हे समजायचं तर आमच्या पाड्यावरचा फुटबॉल समजायला हवा. आमचा पाडा तलासरीपासून आत, डोंगराच्या अंगाला. भात कापून, झोडून, पेंढा रचून झाला की रिकाम्या शेतात खेळ सुरू होतो. धसकटं पायाला टोचतात, धूळ अशी उडते की आपला कोण आणि परका कोण ते ओरडण्यावरून ओळखायचं. गोल म्हणजे दोन दगड आणि दगडांत खोचलेले दोन बांबू. वर दांडी नाही, मागे जाळी नाही. जोरात आलेला बॉल बांबूच्या आतून गेला की बाहेरून, ते लांबून कुणालाच सांगता येत नाही. पंच म्हणजे गावातलाच कुणी हौशी, त्याचा मेहुणा एका टीममध्ये आणि साडू दुसऱ्या. पूर्वी यावरून आमच्यात आणि शेजारच्या खडकपाड्यात काठ्या निघाल्या होत्या, डोकी फुटली होती. तेव्हा काकड्या नावाच्या म्हाताऱ्याने, तो माझ्या सासऱ्यांचा काका, दोन्ही पाड्यांना समोरासमोर बसवलं आणि निकाल दिला: जो दारात उभा, त्यालाच ठावं आत कोण गेलं.

तेव्हापासून गोल झाला की नाही, ते गोलकी, म्हणजे गोल राखणारा, सांगतो. बॉल आत गेला की गोलकीने आपणच हात वर करायचा. हात वर गेला तर गोल, हात खाली राहिला तर गोल नाही, आणि त्यावर कुणी ब्र काढायचा नाही.

तुम्ही म्हणाल, मग सगळे गोलकी हात खालीच ठेवत असतील. नाही ठेवत. एकदा पांड्याने ठेवला होता. बॉल आतून गेलेला पेंढ्यावर बसलेल्या पोरांनी पाहिलं. कुणी भांडलं नाही, मारलं नाही. पण आज पांड्याला नातवंडं झाली, तरी तो बाजारात भाजी तोलायला बसला की माणसं विचारतात, "पांड्या, हात वर हाय ना?" लोक हसतात, तोही हसतो. मॅच बघायला मात्र तो कधी येत नाही.

मी अंगणवाडी चालवते. माझ्याकडची शेंबडी पोरं चेंडू खेळतात तेव्हा दोन चपला ठेवून गोल करतात, आणि चेंडू चपलांमधून गेला की दारातलं पोर हात वर करतं. 'गोल' हा शब्द त्याला अजून नीट बोलता येत नसतो. तो हात शिंक यावी तसा जातो. त्याला खरं-खोटं, पाप-पुण्य काही लागत नाही.

संगिताला गोलात उभं केलं ते निलमने. निलम आमच्याच पाड्याची, संगितापेक्षा बरीच मोठी, धनेशभाऊंची थोरली. बोलायची कमी, पळायची जास्त. शाळेच्या टीममधून जिल्ह्याला आणि तिथून मुंबईच्या एका क्लबात पोचली होती. एकदा सुट्टीला आली असताना तिने आमची ही सुपाएवढ्या पंजांची पोरगी शेतात बॉल अडवताना पाहिली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या सासऱ्यांपुढे येऊन उभी राहिली. "लाहूमामा, पोरगी माझ्याबरोबर धाडा. जशी नेईन तशी परत आणीन." सासरे कुणाला हो म्हणायला चार दिवस घेतात. निलमला त्यांनी तिथल्या तिथे हो म्हटलं.

संगिताचे पहिले बूट निलमचे जुने होते, पुढे चिंध्या कोंबलेले. मुंबईला त्या क्लबच्या मुलींबरोबर एका खोलीत राहायच्या. निलम तिला रांधून घालायची, हिंदी बोलायला शिकवायची, रडली तर रडू द्यायची आणि नंतर मैदानात पळवायची. सख्खी बहीण करणार नाही एवढं तिने केलं. घरी फोन आला की आमची संगिता निलमताय असं म्हणाली, निलमताय तसं म्हणाली, एवढंच बोलायची. मला तर वाटायचं, हिला स्वतःचं तोंड आहे की नाही. एकदा मी तसं विचारलंही. तर म्हणाली, "हाय ना, पण तिचं बोलणं जास्त कामाचं."

निलमच्या घरी भिंतीवर प्रमाणपत्रं पुष्कळ होती, कप एकही नव्हता. दोनदा त्यांची टीम शेवटपर्यंत जाऊन हात हलवत परत आली होती. वय तिशीला टेकलं होतं. नरपडच्या सुदामशी तिचं ठरलं होतं. सुदाम मासेमारी करणारा, शांत माणूस, तो आणखी थांबला असता, पण त्याची आई थांबायला तयार नव्हती. हा सीझन शेवटचा, असं निलमने दोन्ही घरांना कबूल केलं. तिला एकच गोष्ट हवी होती. महिलांच्या राष्ट्रीय लीगचा कप हातात धरून पाड्यावर यायचं, तो महालक्ष्मीच्या जत्रेत देवीच्या पायाशी ठेवायचा आणि मग खुशीने खेळ सोडायचा. निघायच्या आदल्या दिवशी आमच्या ओट्यावर बसून तिने हे सांगितलं, आणि संगिता तिला म्हणाली, "निलमताय, यंदा माज्या दारातून काय आत जात नाय. तू फक्त एक गोल मार."

आणि खरंच, त्या वर्षी ती दारात अशी उभी राहिली की बाकीच्या टीमांना वैताग आला असेल. त्यांचा क्लब फायनलला पोचला. फायनल बंगळूरला होती.

आमच्या पाड्यावर रेंज मिळते ती फक्त शाळेच्या ओट्यावर. माझ्या नवऱ्याचा, प्रविणचा फोन आम्ही पालथ्या बादलीवर ठेवला आणि सगळा पाडा त्याच्याभोवती गोळा झाला. निलमचे आईवडील पुढे, सासूसासरे त्यांच्या बाजूला. चित्र मधेच गोठायचं आणि मग सगळ्या पोरी एकदम दुसरीकडेच दिसायच्या. निलमने दोनदा बॉल मारला, दोन्ही वेळा समोरच्या गोलकीने अडवला. धनेशभाऊ प्रत्येक वेळी मांडीवर थाप मारत होते, ती शेवटी त्यांच्या बायकोच्या मांडीवर बसायला लागली.

खेळ संपत आला होता आणि कुणाचाच गोल झाला नव्हता. तेवढ्यात समोरच्या टीमच्या एका पोरीने लांबून बॉल हाणला. तो वरच्या दांडीला लागला, खाली रेषेपाशी आपटला आणि उसळून परत मैदानात आला. आमच्याकडे वर दांडीच नसते, त्यामुळे ही भानगड आम्हाला नवी होती. संगिताने झेप घेऊन बॉल पोटाशी धरला. समोरच्या पोरी हात उंचावून ओरडायला लागल्या. पंचबाईंनी कडेच्या बाईकडे पाहिलं, त्या बाईने झेंडा काही वर केला नाही. पंचबाईंनी हाताने खूण केली, खेळा.

मग आमची संगिता उठून उभी राहिली. बॉल डाव्या बगलेत. आणि उजवा हात वर.

"गेला," सासरे म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

"गेला गं बाई," सासूबाई म्हणाल्या.

आम्हाला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. साऱ्या देशात ती मॅच बघणाऱ्यांत नवल न वाटलेले आम्हीच तेवढे असू. आम्ही सगळे कोणी उसासा टाकतंय, कोणी पोराला पाणी पाजतंय, आणि फोनमधला माणूस मात्र घसा फोडून बोलायला लागला होता. पडद्यावर पुन्हा पुन्हा संगिताचा हात दाखवत होते. तेव्हा प्रविण म्हणाला, "अरे, पंचाने तर गोल दिलाच नव्हता."

मग कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. पंचबाई संगिताजवळ आल्या, काहीतरी विचारलं. संगिताने मान हलवली. शिट्टी वाजली आणि गोल दिला गेला. निलम मधल्या रेषेवर उभी होती. तिचं तोंड पडद्यावर नखाएवढं दिसत होतं, तरी मला जे दिसायचं ते दिसलं. पुढची सगळी मिनिटं ती एकटी पळत होती, जणू बाकीच्या पोरी तिथे नव्हत्याच. काही उपयोग झाला नाही. कप दुसऱ्यांनी उचलला.

पुढचं संगिताने मला सांगितलं, तेही पुष्कळ दिवसांनी. कपडे बदलायच्या खोलीत सगळ्या रडत होत्या. निलम रडत नव्हती. ती बुटाच्या नाड्या सोडत होती. संगिता तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. निलमने मान वर न करता विचारलं, "इथं तुना कोनी इचारलं व्हतं?"

खरंच, कोणी विचारलं होतं? तिथे पंच होते, झेंडेवाल्या होत्या, एवढा खर्च करून देशाने माणसं उभी केली होती. काकड्या म्हाताऱ्याचा कायदा त्या मैदानाला लागू नव्हता. मैदान बदललं हे संगिताच्या डोक्याला ठाऊक होतं. हाताला ठाऊक नव्हतं.

मग ते कौतुक सुरू झालं. तिच्या हाताचा व्हिडिओ जो तो एकमेकांना पाठवत होता. पेपरात फोटो आला, 'प्रामाणिकपणाचा विजय' असं वर छापून. कसला विजय? हरून आली होती पोरगी. सत्कारानंतरचा तो अबोला सुटला तेव्हा ती माझ्याजवळ चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "वयनी, लोक म्हणतात मी ठरवून केलं. मी काय इचार केला? इचार केला असता तर हात खाली ठेवला असता. आईची शप्पत, निलमतायसाठी खालीच ठेवला असता." मी तिच्याकडे पाहिलं. थापा मारताना ती नेहमी नाक चोळते. तेव्हा नाक चोळत नव्हती.

मला तिचा राग आला नाही, पण कीव आली, आणि राग कुणाचा करावा हेही कळेना. निलमचा तरी कसा करणार? पाड्यावरचं माणूस म्हणून तिला तो हात कळत होता. पण तो हात तिच्या आयुष्यातल्या शेवटच्या मॅचमध्ये, तिनेच आणलेल्या पोरीचा वर गेला होता. ते कळून ती काय करणार होती?

निलमचं लग्न झालं तेव्हा आम्ही सगळे गेलो. संगिता दिवसभर मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. निलमने तिला टाळलं असतं तर बरं झालं असतं. तिने टाळलं नाही. पाहुण्यांना विचारावं तसं विचारलं, "जेवलीस का?" संगिता हो म्हणाली. तिने घासही घेतला नव्हता. म्हटलं ना, थापाडी.

पुढच्या सीझनला क्लबने तिला परत बोलावलं. कुणी तिला काढलं नव्हतं, उलट मानाने बोलावलं. ती गेली आणि महिन्याभरात बॅग घेऊन परत आली. बॉल रेषेजवळ आला की उजवा हात आवरायचा म्हणून ती डाव्या हाताने त्याचं मनगट धरायची, आणि दोन्ही हात अडकल्यावर बॉल कशाने अडवणार? त्या पोरी चेष्टेने म्हणायच्या, "संगिता, हाथ नीचे." वाईट मनाने नव्हत्या म्हणत. पण तिला ते बाजारात पांड्याला विचारतात तसं लागलं. तेव्हापासून ती तलासरी नाक्यावरून कंपनीची गाडी पकडून संजाणच्या बाजूला पॅकिंगच्या कामाला जाते. खोके बांधते. हात चांगले आहेत तिचे, खोके पक्के बांधले जातात.

दोन वर्षं गेली. निलम नरपडला चांगली रुळली होती. जाळी विणायला शिकली, वाडीतले चिकू उतरवायला जायची, सासूही आता तिच्याशिवाय चहा पीत नव्हती म्हणे. माहेरी येऊन गेली की नंतर आम्हाला कळायचं.

त्या वर्षी भात झोडून झाल्यावर आमच्या आणि खडकपाड्याच्या बायकांची मॅच ठरली. बायकांच्या मॅचा आमच्याकडे सुरू झाल्या त्याच मुळी या दोघींमुळे. बक्षीस एक बोकड. संगिता गोलात उभी राहायला तयार झाली, कारण पाड्यावर दुसरी गोलकी नव्हती आणि पोरींनी तिचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. आणि मॅचच्याच दिवशी निलम माहेरी आली. मी आता खेळत नाही, असं ती सगळ्यांना सांगत होती. पण पिशवीत बूट घेऊन आली होती, म्हणजे काय ते समजा.

ती खेळली. काय खेळली. अंग थोडं सुटलं होतं, पण बॉल तिच्या पायाशी आला की बाकीच्या पोरी पाहुण्या वाटायच्या. निलमने गोल मारला, खडकपाड्याच्या गोलकीने हात वर केला आणि आमच्या बाजूला शिट्ट्या सुरू झाल्या. निलम पळत पळत मागे आली, आणि जुन्या सवयीने असेल, संगिताच्या पंजावर टाळी देऊन गेली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने संगिताला हात लावला होता. मी बांधावर उभी होते. संगिता आपल्या पंजाकडे बघत होती, तिचं तोंड असं फुललं होतं की मला वाटलं, चला, सुटली एकदाची पोरगी.

शेवटाला खडकपाड्याच्या हर्षदाने डावीकडून बॉल मारला. जमिनीलगत, सणसणीत. निलम मदतीला मागे आलेली होती, ती त्या दगडापाशीच होती. धूळ उडाली आणि बॉल मागच्या पेंढ्यात जाऊन घुसला. बांबूच्या आतून की बाहेरून, मला दिसलं नाही. बांधावर कुणालाच दिसलं नाही. सगळ्यांनी संगिताच्या हाताकडे पाहिलं.

संगिताने निलमकडे पाहिलं. हात खाली राहिला.

हर्षदाने क्षणभर वाट पाहिली आणि पाठ फिरवून आपल्या जागेवर गेली. तिच्या टीममधली एकही पोरगी काही बोलली नाही. गोलकीचा हात नाही म्हणजे गोल नाही. थोड्या वेळाने शिट्टी वाजली. बोकडाच्या गळ्यात झेंडूची माळ घालून दोरी निलमच्या हातात दिली, कारण गोल तिचा होता.

घरी येताना बांधावरून आम्ही तिघी पुढे-मागे चालत होतो. निलम पुढे, मध्ये तो बोकड पेंढ्याला तोंड घालत घालत, मग संगिता, मग मी. बाकीच्या पोरी गात-ओरडत पुढे निघून गेल्या होत्या. निलम थांबली. मागे न बघता म्हणाली, "आत व्हता."

संगिता बोकडाला मागून ढकलायला लागली.

"संगे, बॉल आत व्हता. मी दगडापाशी उभी व्हती."

"हां," संगिता म्हणाली.

"मग?"

"तवा तुजं गेलं ना माज्यामुळं. म्हनलं, आज तरी तुना जिंकू दे."

निलम वळली. तिच्या हातात दोरी होती, ती तिने संगिताच्या हातात दिली.

"तवा मना तुजा राग आलेला," ती म्हणाली. "लाज नव्हती वाटली. आज वाटली."

आणि ती पुढे चालायला लागली. संगिता तिथेच दोरी धरून उभी राहिली. बोकडाने तिची ओढणी चावायला घेतली तरी तिला कळलं नाही. मी एरवी गप्प बसणारी बाई नाही, पण त्या वेळी जे बोलले असते ते खोटं ठरलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगिता कामावर गेली नाही. तिने बोकड सोडून बरोबर घेतला आणि खडकपाड्याची वाट धरली. मी मागोमाग गेले. खडकपाड्यात शब्द चालतो तो बुधीबाईचा. म्हातारी अंगणात नाचणी पाखडत होती. संगिताने बोकड तिच्या खांबाला बांधला आणि सांगितलं, "आजी, काल बॉल आत गेलता. मी हात वर नाय केला." हर्षदा आणि दोन-तीन पोरी दारात येऊन उभ्या राहिल्या.

मी तयारीत होते. कुणी वाईट बोललं तर उलट बोलायला मला येतं. पण कुणी काही बोललंच नाही. बुधीबाईने सूप खाली ठेवलं. "आलीस ते बरं केलंस पोरी. बस, चाय पी." आम्ही कोरा चहा प्यालो. बुधीबाईने पाऊसपाण्याचं विचारलं, माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांचं विचारलं. हर्षदाने बोकडाला पाणी दाखवलं. निघताना म्हातारी संगिताच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "मनाला नको लावून घेऊ." आणि परत येताना पूर्ण वाटभर संगिता रडली. बोकड परत दिल्याने काही परत आलं नव्हतं. हे तिलाही कळत होतं, मलाही.

पुढल्या वर्षी मॅच ठरवायला दोन्ही पाड्यांची माणसं बसली, तेव्हा खडकपाड्याकडून कुणीतरी म्हणालं की यंदा जाळी लावू. गेल्या मॅचचं नाव कुणी काढलं नाही. उगाच गोलकीच्या जिवाला घोर कशाला, असं म्हणाले, आणि आमच्याकडच्यांनीही माना डोलावल्या. काकड्या म्हातारा त्याआधीच गेला होता, ते एक बरं झालं.

जाळी नरपडहून आली. सुदामची जुनी, मासे धरायची, फाटलेल्या जागी नवा दोरा घालून विणलेली. विणकाम निलमचं होतं, तिचे टाके मी ओळखते. ती जाळी तिने संगिताला सोडवण्यासाठी विणली की दुसऱ्या कशासाठी, ते मी तिला विचारलेलं नाही. विचारायचं धाडस होत नाही. निलम आता माहेरी आली की आमच्याकडे येते, चहा घेते, संगिताशी बोलतेही. चांगलं बोलते. जेवलीस का, असं विचारते.

आता बॉल आत गेला की जाळी फुगते आणि सगळ्यांना दिसतं. भांडण नाही, वाट पाहणं नाही. माझ्या अंगणवाडीतली पोरंसुद्धा चपलांच्या मागे फाटकी साडी बांधायला लागली आहेत, आणि त्यांचे हात खालीच असतात. संगिता अजून आमच्या गोलात उभी राहते, पूर्वीसारखीच चांगली खेळते. फक्त बॉल आत गेला की सगळे जाळीकडे बघतात. तिच्याकडे कुणी बघत नाही.